जंगलात मुक्काम ठोकायचाय? मग ऐका

शनिवारी रात्री रानात तंबू ठोकायचं ठरलंय ना? मग परवानगीच्या भानगडीत पडू नका. साताऱ्याजवळ बामणोलीच्या बोटीच्या धक्क्यावर रांगेत उभं राहून नाव लिहायला तुम्ही काय शाळेत आहात? पलीकडच्या वासोटा किल्ल्यावर म्हणे रात्री थांबू देत नाहीत. गडाचं दुसरं नाव व्याघ्रगड, अन् २०१० पासून हा मुलूखच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. असू दे. वाघ शनिवार-रविवार गावी जात असणार.

शेकोटी मात्र हवीच. फेब्रुवारी-मार्चात अख्खा डोंगर वाळलेला असतो, काडी ओढायचाच अवकाश. भोवतीचं गवत काढत बसू नका, निघताना निखाऱ्यांवर पाणीही ओतू नका. वारा सुटला की ते आपले आपण फिरायला जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात आग पेटवायला बंदी आहे, पण तुमची ती शेकोटी. आग वेगळी! पुढे वणवा लागलाच तर गावकऱ्यांवर ढकला. हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपायला तेच धावत येतात, म्हणजे जागेवर सापडतातही तेच.

तंबूसाठी झाड निवडताना वर बघायचं नाही. आग्यामोहोळ लोंबत असलं तर धूर आणि तुमच्या अंगावरचं अत्तर, दोन्हीची दखल घेतली जाते. बूट रात्रभर बाहेर ठेवा, सकाळी न झटकता पाय घाला. आतलं विषारी फुरसं असून असून केवढं, दोन वितींचं. आमच्यातला एक जण दरवेळी बूट उलटे करून आपटतो. हसतो आम्ही त्याला. (तो अजून दोन्ही पायांवर चालतो, हे सोडा.)

उरलेला रस्सा तंबूच्या तोंडाशीच ठेवा. रानडुकराला सातारी तिखट झेपतं का, ते कळेल. स्पीकर नेलाच असेल, सांगायला नको.

राहता राहिली भांडी. ती थेट कास तलावात घासायची. साबणाचा फेस काठावर पांढरा साचतो, तर्री त्यावर लाल तरंगते, फोटोही बरा येतो. पलीकडं झुडपाआड सकाळचे विधी उरकले की मोकळे. घरी या, आंघोळ करा, आधण ठेवा. साताऱ्यात आमच्या पेठेत नळाला कासचंच पाणी येतं. चहाला जरा रश्श्याचा वास आला तर पावडर बदलून बघा.