निवड त्यांची होती कुठे?

अभिनेते निळू फुले यांच्यावरच्या लेखातलं, निळूभाऊंनी ‘चुकीचे चित्रपट निवडले’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. निवडायला समोर होतं काय? १९७२ साली रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’ उभा करणाऱ्या माणसाकडे निर्माते घेऊन यायचे तोच खलनायकी पाटील, तोच सरपंच, तीच वाड्यावरची बाई. आमच्या कोल्हापुरात ते सिनेमे आम्ही आवडीनं बघितले. माझी आजी त्यांना पडद्यावर बघितलं की शिव्या घालायची. ही त्यांच्या अभिनयाचीच ताकद, पटकथेत तेवढं काहीच नसायचं.

‘सिंहासन’ (१९७९) सिनेमात त्यांनी केलेला पत्रकार दिगू टिपणीस बघा. बराच वेळ नुसता ऐकतो, बघतो, आणि सगळं राजकारण त्या चेहऱ्यावर उमटत जातं. ‘सामना’तला त्यांचा साखरसम्राट हिंदुराव तर साखरपट्ट्यात वाढलेल्या आम्हाला जवळून ओळखीचा. त्यात डॉ. श्रीराम लागूंसमोर तसूभरही कमी न पडणारा हा नट. तरी १९७९ नंतर त्या तोडीच्या किती भूमिका त्यांच्यासाठी लिहिल्या गेल्या? लक्ष्मीकांत बेर्डेंचंही तेच. ‘एक होता विदूषक’सारखा गंभीर सिनेमा करून दाखवला, तरी पुढे मागणी जुन्याच विनोदाची. लेख लिहिणाऱ्यानं जाब विचारायचा तर तो निर्मात्यांना आणि आम्हा प्रेक्षकांना विचारावा, नटाला नको.