मागच्या जन्मीचे देणे

परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर, फुटपाथवरच्या ताडपत्रीखाली दिवस काढणारी कुटुंबे आता मुंबईकरांच्या नजरेला सवयीची झाली आहेत. उपचार आत होतात, पण दोन तपासण्यांच्या मधले दिवस कुठे काढायचे, हा प्रश्न परगावाहून आलेल्यांना सुटत नाही. आमच्या चाळीतले काही जण शनिवारी संध्याकाळी तिथे खिचडी वाटतात; दोन वर्षांपासून मीही जातो. गेल्या जुलैमध्ये बीडकडून आलेल्या एका बाईच्या मांडीवर सहा-सात वर्षांचा मुलगा झोपला होता. डोक्यावरचे केस गेलेले, तोंडाला मास्क, आजार रक्ताच्या कर्करोगाचा. डबा पुढे करता करता तिने विचारले, "याचं काय चुकलं असंल हो, दादा?" मला काही सुचेना. माझ्या शेजारी उभे असलेले, आमच्यातले वयाने मोठे गृहस्थ म्हणाले, "मागच्या जन्मीचं देणं असतं, ताई. फेडावंच लागतं." ती काही बोलली नाही. डब्याचे झाकण नीट बसत नव्हते, ते तिने दोनदा काढून पुन्हा लावले.

मी देव मानतो, आणि म्हणूनच हा प्रश्न मला चुकवता येत नाही. जग चांगल्या ईश्वराने केले असेल, तर त्यात हे का? माणसाला स्वातंत्र्य दिले म्हणून तो वाईटही वागू शकतो, हे उत्तर भेसळ, दंगल, खून यांच्यापुरते मला पटते. त्या मुलाच्या रक्तात जे बिघडले, तिथे मात्र कोणाच्याच स्वातंत्र्याचा संबंध येत नाही.

कर्मसिद्धान्ताचे उत्तर याहून भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येतो, हा आक्षेप वेदान्ताचा पाया मानल्या जाणाऱ्या ब्रह्मसूत्रांनीच स्पष्ट शब्दांत मांडला आहे. त्यावर शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, भात उगवणार की जव, हे बियाण्यावर ठरते. मग सृष्टीच्या आरंभी, कोणाचेच कर्म नसताना, विषमता आली कुठून? तर संसाराला आरंभच नाही, असे उत्तर येते. तर्क म्हणून यात खोट काढणे मला जमणार नाही. पण ज्या खात्याचे पहिले पान कधीच सापडणार नाही आणि ज्यातला एकही व्यवहार ऋणकोला आठवत नाही, त्या कर्जाची वसुली सावकाराने केली असती तर आपण तिला न्याय म्हटले असते का?

युरोपलाही हा पेच सुटलेला नाही. शक्य असलेल्या जगांपैकी हेच सर्वोत्तम, असे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१० मध्ये मांडले, आणि १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेले असताना पोर्तुगालचे लिस्बन शहर भूकंपाने कोसळले. फ्रेंच लेखक व्होल्तेअरने लायब्निझच्या त्या आशावादावर कडाडून टीका केली ती त्यानंतर. आपल्याकडे लिस्बन आठवायचीही गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला, तेव्हा अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. हजारो माणसे गेली, आणि त्यातली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळून गेली. म्हणजे जमीन हलली ती निसर्गाने, पण मृत्यू किती, हे बऱ्याच अंशी घराच्या बांधणीने ठरवले. पाप-पुण्याची चर्चा सुरू झाली की हे कारण झाकले जाते, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांनी, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर त्यांच्याच बाजूचे असूनही, जाहीर विरोध केला. हेतू कितीही शुद्ध असला, तरी ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाला आरोपी ठरवण्याचा हक्क बाहेर उभ्या असलेल्याला मिळत नाही, असे मला वाटते.

या सगळ्यात मला जवळचे वाटतात ते तुकोबा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको 'अन्न अन्न' करत गेली, आणि हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितले आहे. ते संचिताचा, म्हणजे मागच्या कर्मांच्या साठ्याचा, दाखलाही देतात, पण देतात तो स्वतःला. विठ्ठलाशी मात्र ते भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात आणि त्याच्याच दारात बसून राहतात. एवढे भांडण ज्याला सहन होते तो देव मला विश्वास ठेवण्याजोगा वाटतो. त्याच्या वतीने मी वकिली करावी, अशी त्याची अपेक्षा असेल असे वाटत नाही.

त्या संध्याकाळी रिकामी पातेली घेऊन लालबागकडे परतताना त्या गृहस्थांना चार शब्द सुनवायचे, असे मी ठरवले होते. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला थांबलो असताना तेच आपणहून बोलू लागले. त्यांचा एकुलता एक मुलगा बाविसाव्या वर्षी अपघातात गेला, हे मला ठाऊक नव्हते. "देणं होतं म्हणायचं आणि झोपायचं," ते म्हणाले, "नाहीतर त्याला त्या दिवशी बाहेर मीच धाडला होता." सिग्नल सुटला. माझ्या हातातले पातेले त्यांनी घेतले, आणि आम्ही रस्ता ओलांडला.