जबान दिली असेल तर शेअर द्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वरुडकडची एक छोटी कंपनी संत्र्याच्या बागांना माती-पाण्याचा सल्ला देते. सुरुवातीला मालक आणि दोन पोट्टे, एवढाच कारभार. त्यातल्या एकाला मालकानं दोन टक्के शेअर देईन असं तोंडी सांगितलं होतं. आता बाहेरचा गुंतवणूकदार येतोय आणि कागदावर त्या पोराचं नाव कुठंच नाही. तुमचं म्हणणं, त्याला दरमहा पगार मिळाला, हिशेब मिटला. लिहून घेतलं नाही ही त्याची चूक. आणि असे जुने शब्द उकरून काढले तर गुंतवणूकदार पळून जाईल.

आधी पगाराचं बघू. या पोराला अमरावतीत याहून चांगल्या पगाराची नोकरी चालून आली होती. त्या रात्री मालकाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: "आपलं जे ठरलं ते ठरलं. तू फकस्त हा बहार सोडू नको." तो थांबला. मृग बहारासाठी बागेचं पाणी तोडून झाडांना ताण देतात त्या दिवसांत, भर उन्हात मोटरसायकलवर मातीचे नमुने गोळा करत फिरला. कमी पगार आणि दोन टक्के मिळून त्याची मजुरी ठरली होती. त्यातला अर्धाच भाग त्याला मिळाला, मग हिशेब मिटला कसा म्हणायचा?

आपल्याकडे पाडव्याला सालदार ठरतो. वर्षाचे पैसे, ज्वारी, कपडे, सगळं बोलण्यातच. वर्ष सरल्यावर कास्तकार म्हणाला की ज्वारीचं कुठं लिहिलं होतं, तर पुढच्या पाडव्याला त्याच्याकडे कोणी कामाला येत नाही. शिकलेल्या पोराला मात्र आपण सांगतो, कागद दाखव. हे मला पटत नाही.

कायद्याबाबत तुमचं अर्धं बरोबर आहे. मालक एकटा बोलला म्हणून कंपनीचे नवे शेअर निघत नाहीत. भागधारकांचा ठराव लागतो. पण 1872 च्या करार कायद्यात तोंडी करारही करारच असतो. कोर्टानं शेअरच द्यायला लावले नाहीत तरी मामला नुकसानभरपाईपर्यंत जाऊ शकतो, आणि नकार मिळाल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा लावता येतो. तो व्हॉट्सॲपचा निरोपही पुरावा ठरू शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्याला प्रमाणपत्र तेवढं जोडावं लागतं.

शब्द पाळायचा कसा, हा खरा किचकट भाग. कर्मचाऱ्यांसाठी शेअर योजना कंपनी कायदा 2013 च्या कलम 62 खाली करता येते, आणि खासगी कंपनीला 2015 पासून त्यासाठी साधा ठरावही चालतो. अडचण अशी की पर्याय, म्हणजे पुढं ठरल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क, दिल्यापासून तो पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं, आणि ते वर्ष आजपासून मोजलं जातं. मागं घाम गाळलेली वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणून इथं मला दुसरी वाट बरी वाटते: मालकानं स्वतःच्या नावावरचे शेअर त्याच्या नावावर करावेत. शेअर नावावर करायचा एसएच-4 फॉर्म, मुद्रांक, संचालक मंडळाची मंजुरी, एवढं लागतं. कर किती आणि कोणाला लागेल हे सीएकडून आधी समजून घ्यावं.

आणि टक्के नाही, शेअरचा आकडा लिहा. एकूण 10,000 शेअरमधले 200 म्हणजे आज दोन टक्के. उद्या गुंतवणूकदाराला नवे 2,500 दिले की तेच 200 शेअर 1.6 टक्के होतात. यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं, पण आधी सांगितलं नाही तर पोराला तसंच वाटणार.

शेतकरी उत्पादक कंपनीत मात्र ही वाट बंद आहे. तिथं उत्पादकच सभासद होऊ शकतो, नोकर म्हणून शेअर देता येत नाहीत. अशा ठिकाणी कोणी टक्क्यांचा शब्द दिला असेल तर त्याची किंमत ठरवून पैशात द्यावी.

गुंतवणूकदाराची भीती तर मला उलटीच दिसते. पैसे घालण्याआधी तो सहसा मालकाकडून लिहून घेतो की दाखवलेल्या नावांशिवाय शेअरवर कोणाचाही हक्क नाही. या पोराला दिलेला शब्द माहीत असताना मालक त्या कागदावर सही कशी करणार? दोन टक्के आधीच दाखवले तर गुंतवणूकदार भाव करेल, फार तर कुरकुर करेल. पैसे आल्यावर वकिलाची नोटीस आली तर ती त्याला फार महागात पडेल, आणि मालकालाही.

तुम्ही स्वतः कंपनी चालवता असं लिहिलंय. तुमच्याकडे सुरुवातीपासून टिकलेला असा कोणी असेल तर नवा करार होण्याआधी त्याला बोलवा आणि काय ठरलं होतं ते आधी त्याला सांगू द्या. त्याच्या लक्षातला आकडा आणि तुमच्या लक्षातला आकडा बहुधा वेगळा निघेल. त्यावर त्याच बैठकीत बोला आणि जे ठरेल ते तारखेसह दोघांच्या सहीनं लिहून ठेवा.