फ्री साइज कापडी डायपर: पाकिटावर छापलेलं धडधडीत खोटं

‘0 ते 3 वर्षे’ असं छापून कापडी डायपर विकणाऱ्यांना ते 3 किलोच्या बाळाला एकदा घालून दाखवायला लावलं पाहिजे. पुढची बटणं लावून उंची सगळ्यात कमी केली तरी मांडीपाशी फट राहते आणि पातळ शी तिथूनच बाहेर येते. वर कंबरपट्टा थेट नाळेवर घासतो. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण पहिला एक-दोन आठवडा, तिथे काहीही दाटून बसता कामा नये. हे डायपर नीट बसायला लागतं ते बाळ 5 किलोच्या आसपास आल्यावर. आपल्याकडची बहुतेक बाळं जन्मतात 2.5 ते 3 किलोची, म्हणजे सुरुवातीचे काही महिने सेट कपाटातच पडून! विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, तरी बाळंतिणीच्या खरेदीत डझनाचा सेट माथी मारतात. त्या दिवसांना मलमलीचे लंगोट किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे चौकोन लागतात, तेही भरपूर, कारण दिवसाला 10-12 सहज ओले होतात.

दुसरी चीड इन्सर्टची, म्हणजे डायपरच्या आत घालायच्या शू शोषणाऱ्या पट्टीची. ‘बांबू चारकोल’ नावाचं करडं इन्सर्ट घ्या आणि कडेची शिवण उसवून बघा. बहुतेक वेळा वरखाली फ्लीस आणि आत मायक्रोफायबरचे थर निघतात. सगळं पॉलिस्टर. करड्या रंगाने डाग दिसत नाहीत, त्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. मायक्रोफायबर शू पटकन ओढतं, पण दाब आला की स्पंजासारखं सोडून देतं. बाळाला कडेवर घेतलं की मांडीतून ओघळ आलाच. आणि अशा मालावर ‘रात्रभर कोरडं’ छापायला यांचा हात धजावतो कसा?

रात्रीसाठी पॉकेटमध्ये, म्हणजे डायपरच्या अस्तराखालच्या खिशात, वर मायक्रोफायबर आणि त्याखाली सुती किंवा हेम्पचं (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं) इन्सर्ट लागतं. वरचं ओढतं, खालचं धरून ठेवतं. मायक्रोफायबर बाळाच्या कातडीला थेट लावायचं नाही, ते कातडी कोरडी पाडतं आणि पुरळ येतं. कोरं सुती इन्सर्ट 3-4 धुण्यांनंतर आणि हेम्पचं 6-8 धुण्यांनंतर पूर्ण शोषायला लागतं, कारण धाग्यातलं नैसर्गिक तेल निघावं लागतं. एवढी साधी गोष्ट पाकिटावर का नसते? पहिल्याच दिवशी गळतं, घरचे म्हणतात ‘हे कापडी काही खरं नाही’, आणि बोल आईला लागतो.

धुण्याच्या सूचना तर संतापजनक आहेत. ‘सौम्य लिक्विडचे दोन थेंब.’ अहो, रात्रभराची शू आहे ती! कमी साबणात ती निघत नाही, आतल्या थरात साचते आणि सकाळी डायपर उघडलं की डोळे चुरचुरतील असा अमोनियाचा भपका येतो. रिठ्याच्या पाण्याने हेच होतं. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार बसून इन्सर्ट पापडासारखं कडक होतं. आधी शी झटकून गार पाण्यात खळबळा, मग नेहमीच्या पावडरचं पूर्ण माप घालून 40 अंशांच्या कोमट पाण्यात धुवा, पाणी जड असेल तर थोडा धुण्याचा सोडा घाला, आणि फेस जाईपर्यंत साध्या पाण्यात खळबळून पिळा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, धाग्यावर थर चढतो. वाळलेल्या इन्सर्टवर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा वर बसून राहिला, तर समजा थर चढलाय. मालिशचं तेल आणि रॅशचं घट्ट क्रीमही हेच करतं. आपल्याकडे रोज मालिश होते हे भारतात माल विकणाऱ्याला माहीत नसावं? मांड्यांचं तेल पुसून मगच डायपर बांधा, आणि क्रीम लावलं तर आत मलमलीची पट्टी घाला.

बाहेरचं कव्हर उकळायचं नाही, शेगडीवर किंवा कडक उन्हात वाळवायचं नाही. आतला पीयूएलचा, म्हणजे पाणी अडवणारा प्लास्टिकसारखा थर सुटतो, इलास्टिक सैल पडतं आणि गळती कायमची होते. ऊन द्यायचं ते इन्सर्टला.

आणि पावसाळा? कोकणात जुलैत चार थर एकत्र शिवलेलं इन्सर्ट दोन दिवसांतही वाळत नाही, कुबट वास धरतं. घडी उलगडणारा सुती चौकोन पंख्याखाली काही तासांत वाळतो. तो स्वस्त असतो, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: ‘तुम्हाला बांधता येत नाही.’ आणि वापरलेला, धुतलेला माल आरोग्याच्या नावाखाली परत घेत नाहीत. डायपर बसतं का, गळतं का, हे धुऊन वापरल्याशिवाय कळणार तरी कसं? डझन विकण्याआधी एक नग वापरून बघायला द्या, आणि पाकिटावर वय छापण्यापेक्षा वजन आणि आतलं खरं कापड छापा.