गाडी स्वतः धुवा, ड्रिल मात्र दिराला परत करा

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मुलाने नवी गाडी घेतली आणि डिलिव्हरी घेतानाच २८ हजारांचं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा संरक्षक थर, करून घेतलं. फोटो दाखवत म्हणाला, "ताई, आता पाच वर्षं बघायला नको." मी विचारलं, रोज पुसतं कोण? "सोसायटीतले दादा आहेत ना, महिन्याला सहाशे घेतात." तिथे गप्प बसले, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. आमच्याकडचे दादा पहाटे साडेपाचला येतात आणि आठच्या आत तीसेक गाड्या उरकतात. बादली एक, फडकी दोन. पाचव्या गाडीनंतर बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे आधी कोरडं फडकं मारून धूळ झटकायची पद्धत. आमच्या भागात बारा महिने कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं. गाडीवर बसते ती नुसती माती नसते, त्यात क्रश सँड असते, सिमेंट असतं. ती कोरड्या फडक्याने पुसायची म्हणजे रोज सकाळी पॉलिश पेपर घासून घ्यायचा. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ना, ते बहुतेक असेच आलेले असतात.

यात दादांना बोल लावायचा नाही. सहाशे भागिले सव्वीस दिवस, म्हणजे गाडीमागे रोजचे तेवीस रुपये. तेवढ्यात बत्तीस ठिकाणी स्वच्छ पाणी कोण आणणार? पण २८ हजारांच्या कोटिंगवर तेवीस रुपयांचं फडकं फिरवायचं आणि मग कोटिंगच्या नावाने ओरडायचं, याला काय म्हणायचं? आणि कोटिंग विकताना जे "नाइन एच" कठीण म्हणून सांगतात ना, ते पेन्सिलींच्या कठीणपणाचं माप आहे. नाइन एचच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूच्या कणाला ते वाचता येत नाही.

माझी गाडी गडद निळी स्विफ्ट, नऊ वर्षांची. हा रंग घेऊ नका असं घरातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, पण असो. २०२१ च्या मे महिन्यात लॉकडाऊनचा कंटाळा होता, त्यात व्हिडिओ बघून बघून माझ्या अंगात आलं. ऑनलाइन साडेसहाशेला फोमचं पॅड आणि कंपाउंड मागवलं, दिराचं ड्रिल मशीन आणलं आणि पार्किंगमध्ये बॉनेटवर सुरू झाले. पहिली दहा मिनिटं काय चमक आली म्हणून सांगू! मग बॉनेटच्या मधल्या घडीवर जरा जोर दिला. पॅड निळं व्हायला लागलं. मी खूश, केवढा मळ निघतोय! तो मळ नव्हता, गाडीचा रंग होता. मशीन थांबवून बघितलं तर घडीवर रुपयाएवढा भुरकट डाग.

झालं काय होतं, ते नंतर समजलं. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा. आपला केस ७०च्या आसपास धरा, म्हणजे सगळी चमक केसाहूनही पातळ थरावर उभी. आणि पॉलिश करताना ओरखडा भरून निघत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत आणतात. म्हणजे प्रत्येक पॉलिश ही त्या थरातली उचल, आणि ती कधीच फेडता येत नाही. त्यातून ड्रिल एकाच जागी गरगरतं, उष्णता साठते, आणि घडीवर किंवा कडेवर तर थर आधीच पातळ. त्या कामाचं मशीन वेगळं असतं, ते फिरता फिरता जागाही बदलत राहतं. बॉनेट पुन्हा रंगवायला सहा हजार गेले. दुपारच्या उन्हात आजही बॉनेट आणि बाजूचं फेंडर सावत्र भावंडांसारखी दिसतात.

दोन वर्षांनी नऱ्ह्याच्या एका छोट्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने आधी खिशातून रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी मोजणारा एक मीटर काढून सगळ्या गाडीभर टेकवत नेला. दारावर ११० मायक्रॉन, छतावर १०५, बॉनेटवर २३०. "मॅडम, हा रिपेंट आहे ना?" मी म्हटलं, हो, मोठी गोष्ट आहे ती. मग डाव्या दारावरच्या एका खोल ओरखड्यावर नख फिरवून म्हणाला, "नख अडकतंय. हा काढायला गेलो तर थर संपेल. राहू द्या, आजूबाजूचं करतो." पैसे द्यायचे ते या वाक्याचे. मीटर न लावता मशीन हातात घेणाऱ्याकडे गाडी देऊ नका, मग दुकानाबाहेर कितीही मोठी पाटी असो.

पण धुणं आणि आतली सफाई यासाठी बाहेर पैसे देणं मला अजिबात पटत नाही. एकदा दिले होते, साडेतीन हजार, एका झकपक ठिकाणी. डॅशबोर्डला असं काही चोपडलं की काचेत त्याचीच सावली दिसायची, समोरचा रस्ता दिसेना. सीट ओल्या करून तशाच परत दिल्या. महिना जुलैचा. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर पावसात विसरलेल्या दप्तराचा वास. पुढे आठवडाभर हीटर लावून ऑफिसला गेले, कपाळावर घाम आणि बाहेर पाऊस.

आता दर दुसऱ्या रविवारी मीच धुते. बेसमेंटमध्ये, पत्रा गार असताना. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि हातमोजा प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा. त्या बादलीच्या तळाशी जमणारी रेती एकदा बघा, पुन्हा कोरडं फडकं हातात धरणार नाही. भांड्यांचं लिक्विड वापरू नका, वॅक्स असेल तेही धुऊन नेतं. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी, त्यात क्षार, त्यामुळे लगेच टिपून घ्यावं लागतं, नाहीतर पांढरे ठिपके बसतात. उन्हाळ्यात खडकवासला धरणाचं पाणी खाली गेलं की सोसायटी पाइपवर बंदी आणते, माझं काम तीन बादल्यांत होतं. कबुतरांची शिट असेल तर ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवायचा आणि अलगद उचलायचा, घासायचं नाही. उन्हात राहिली तर त्यातलं आम्ल थरावर कायमचा डाग पाडतं.

तळमजल्यावरचे काका हमखास विचारतात, "कशाला एवढं? पाचशेत धुऊन मिळते की." मिळते. पण मागच्या पावसाळ्यात मागच्या दाराच्या खालच्या कडेवरून हात फिरवताना लक्षात आलं की पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली आहेत. आत पाणी साचलेलं, दार हलवलं की डुचमळायचं. टूथपिकने मोकळी केली तर तांब्याभर गढूळ पाणी आलं. वर्षभरात तिथून गंज फुटला असता. टायरमधला खिळाही असाच सापडला, साताऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी. पाचशेत हे कोण बघणार?

दादांचा विषय राहिलाच. सहाशे मी अजूनही देते, फक्त माझी गाडी पुसू नका असं सांगितलंय. आधी त्यांना वाटलं काम गेलं. मग मायक्रोफायबरची चार निळी फडकी दिली आणि नीट समजावलं, ओलं करून वापरा, मधे मधे धुवा. दादांनी मान डोलावली. परवा पहाटे गॅलरीतून बघितलं तर माझं निळं फडकं बी विंगमधल्या काळ्या फॉर्च्युनरवर फिरत होतं. कोरडंच.