पट्टीवरचे ४ टन आणि ६ मिमीची दोरी : लालबागहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हाताने चालवायच्या केबल पुलरवर (दांडा मागेपुढे करून वायर रोप, म्हणजे तारेची दोरी, ड्रमवर गुंडाळत भार ओढणारं अवजार) मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही मोठी आणि स्पष्ट प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उत्तर देऊन ती बाजूला सारणं मला बरं वाटेना, म्हणून हे वेगळं लिहितोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा : तुमच्या मंडळाकडे नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारातून आणलेला '४ टन' लिहिलेला पुलर पंधरा वर्षं आहे, त्याची वायर रोप ६ मिमीची. मूर्तीची ट्रॉली खड्ड्यात अडली की तोच लावता, मंडपाला ताण द्यायला तोच, आणि एकदा इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीतला पंपही त्यानेच वर घेतलात. दांडा जड गेला की त्यात पाइप घालता. आजवर कुणाला खरचटलंही नाही. ओढायचं काय आणि उचलायचं काय, वजन तेच, असं तुमचं म्हणणं. मी पुस्तकी भीती घालतो आणि साध्या कार्यकर्त्यांना महागड्या मशीनकडे ढकलतो, हा मुख्य आक्षेप. आणि शेवटी, "एवढंच असेल तर आम्ही काय घ्यायचं ते सांगा."

सांगतो. पण आधी तुमच्या पुलरच्या दोरीचा हिशेब करू, कारण मोजमाप तुम्हीच दिलं आहे.

सहा पदरांची, प्रत्येक पदरात एकोणीस तारांची, आत तागाचा गाभा असलेली ६ मिमीची वायर रोप नेहमीच्या १७७० ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे तारेच्या ताकदीची प्रत) तारेची असेल, तर नवी असताना साधारण २ टनांवर तुटते. पुलरला जी हुकवाली कप्पी असते तिच्यातून दोरी परत आणून ती दुहेरी केली की भार दोन्ही बाजूंवर वाटला जातो, म्हणजे ४ टन. तुमच्या पुलरवरच्या माहितीच्या पट्टीवर नेमका हाच आकडा आहे. म्हणजे तो आकडा काम करायचा नसून नवी कोरी दोरी तुटायचा आहे, तोही ती दुहेरी लावल्यावर. कप्पी न लावता एकेरी दोरीने ओढलंत तर त्याच्याही निम्मा. उचलायच्या कामात वायर रोपला पाचपट सुरक्षा धरतात. त्या हिशेबाने तुमची दोरी दुहेरीत ८०० किलोची आणि एकेरीत ४०० किलोची. नुसतं जमिनीवर ओढायला लोक पाचपटीपेक्षा कमी धरतात, ते समजू शकतो. पण एकपट म्हणजे सुरक्षा उरलीच नाही. त्यात दोरी बारीक ड्रमवर गुंडाळली जाते, दरवेळी वाकते आणि सरळ होते, त्याने ती आणखी कमजोर होत जाते.

पडताळा हवा असेल तर टिरफॉर मशीन बघा. गोदीत किंवा पुलाच्या कामावर खलाशी लांब दांड्याने मागेपुढे करत चालवतात ते, दोरी जबड्यांत धरून ओढणारं. त्यातल्या १६०० किलोच्या मशीनला ११ मिमीच्या वरची दोरी लागते. एकीकडे १.६ टनाला ११ मिमी आणि दुसरीकडे ४ टनांना ६ मिमी. पट्टी कुणीही छापतं. म्हणून दुकानात उभं राहिल्यावर पहिला प्रश्न दोरीच्या जाडीचा विचारा, टनांचा नंतर. व्हर्नियरने (जबड्यांच्या मोजपट्टीने) मोजताना जबडे पदरांच्या उंचवट्यांवर टेकवा, दोन पदरांमधल्या खाचेत नाही, नाहीतर माप कमी येतं.

आता ट्रॉली. मला वाटतं इथे तुमच्या मंडळाचं सगळ्यात जास्त भलं होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूर्ती आणि ट्रॉली मिळून ३ टन धरू. सपाट डांबरावर, चाकं धड असतील तर ती ओढायला १०० किलोच्या आतबाहेर जोर पुरतो, म्हणून तर पोरं हातांनी ओढतात. खड्डा आला की गणित पार बदलतं. चाकाची त्रिज्या २० सेंमी आणि समोर ५ सेंमीची उभी कड असेल, तर ते चाक कडेवर चढवायला त्या आसावरच्या वजनाच्या जवळपास ९० टक्के जोर आडवा लावावा लागतो. पुढच्या आसावर दीड टन असेल तर सव्वा टनाच्याही वर. तुमची ६ मिमीची दोरी एकेरी लावली असेल तर ती तुटायच्या आकड्याच्या दोन तृतीयांशावर तिथेच पोहोचली. कड ५ ऐवजी ८ सेंमीची निघाली, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर निघतेच, तर लागणारा जोर आसावरच्या वजनापेक्षाही जास्त होतो, जवळजवळ दोन टन.

आता तीच ५ सेंमीची कड घ्या आणि तिच्यासमोर ४० सेंमी लांबीची लाकडी पाचर ठेवा. चढ एकास आठ झाला. दीड टनाच्या आसाला २०० किलोच्या आसपास जोर लागतो. सव्वा टनावरून दोनशे किलोवर आलो ते एका लाकडाच्या तुकड्याने. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की मिरवणुकीच्या ट्रॉलीबरोबर आधी पाचरी, जाड फळ्या आणि चाकामागे लावायच्या उटी असाव्यात. पुलर त्यानंतर. ट्रॉली अडली की पहिल्यांदा चाकाखाली बघा. दोरी ताठ होऊन गाणं म्हणायला लागली आणि ट्रॉली हलत नसेल, तर आणखी ओढू नका, ती कशाला अडली आहे ते शोधा.

पाइपबद्दल. दांडा ४५ सेंमीचा आणि ड्रमच्या मध्यापासून दोरी अडीच सेंमीवर धरली, तर हाताचा जोर अठरा पट होतो. २५ किलोने ओढलंत तर घर्षण वगळून चारशे-साडेचारशे किलो, म्हणजे दोरी एकेरीत सोसेल तेवढंच. दांड्याची लांबी ठरवताना बनवणाऱ्याने माणसाची ताकद गृहीत धरलेली असते. चांगल्या पुलरचा दांडा तर दोरीच्या आधी वाकावा असाच केलेला असतो, आणि टिरफॉरमध्ये जादा भार आला की तुटून जाणाऱ्या पिना असतात. पाइप घालून दांडा मीटरभर केलात आणि ४० किलोने ओढलंत, तर दोरीवर दीड टन येतो आणि तुमच्या हाताला काहीच वेगळं जाणवत नाही. दांडा जड जातोय, ही त्या अवजाराने तुम्हाला दिलेली एकमेव सूचना आहे. पाइप तीच बंद करतो.

"ओढायचं काय आणि उचलायचं काय" यावर मी अजिबात सहमत नाही. केबल पुलरमध्ये भार धरून ठेवतो तो फक्त दातेरी चाकात अडकलेला खटका. ब्रेक नसतो. खाली सोडताना एकेक दात सोडत यावं लागतं, आणि प्रत्येक दाताला पूर्ण भार क्षणभर तुमच्या हातातल्या दांड्यावर येतो. जमिनीवर ट्रॉली ओढताना खटका निसटला तर ट्रॉली बहुधा जागेवर राहते. टाकीच्या तोंडावर पंप लटकत असताना निसटला तर दांडा गरकन फिरून जबड्यावर किंवा मनगटावर बसतो आणि पंप खाली जातो. टाकीत त्या वेळी कुणी उतरलेलं होतं का, ते तुम्ही लिहिलं नाही, पण पंप सोडवायला सहसा कुणीतरी उतरतंच. चेन पुलीत (हाताने साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र) घर्षणाचा ब्रेक असतो, भार जितका जास्त तितका तो घट्ट बसतो, हात सोडला तरी वजन जागच्या जागी राहतं. पंपाला १ टनाची चेन पुली, वर तिला पेलेल असा तिपाया किंवा गर्डर, आणि वजन लटकत असताना खाली कुणीही नाही. बहुतेक केबल पुलरच्या माहितीपत्रकातही उचलायला वापरू नये असं लिहिलेलं असतं. माणसाला उचलायला तर कधीच नाही.

मंडपाच्या ताणांसाठी मात्र पुलर चांगला आहे, एका अटीवर. ताण आला की तो टर्नबकलवर (फिरवून ताण घट्ट करायचा आट्यांचा जोड) किंवा बांधलेल्या दोरखंडावर घ्या आणि पुलर काढून ठेवा. दहा दिवस खटक्यावर ताण ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला दांडा लागेल अशा ठिकाणी पुलर टांगून ठेवणं धोक्याचं आहे. पोरं दांड्याशी खेळतात.

पंधरा वर्षं काही झालं नाही, हे तुमचं सगळ्यात जोरकस वाक्य आहे. मी ते हलकं धरत नाही, पण तार वाकून वाकून थकते आणि आतल्या तारा आधी जातात, त्या बाहेरून दिसत नाहीत. मुंबईच्या खाऱ्या हवेत तागाचा गाभा ओल धरून ठेवतो आणि गंज आतून धरतो. पंधरा वर्षं चाललेली दोरी म्हणजे पंधरा वर्षांचा थकवा पोटात घेतलेली दोरी. तिने गेल्या वर्षी सव्वा टन सोसला म्हणून यंदा सोसेल असं म्हणायला आधार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचलायच्या यंत्रांची, साखळ्यांची आणि दोऱ्यांची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून कसून तपासणी सांगितली होती. मंडळ म्हणजे कारखाना नव्हे, मान्य. पण कारखान्यात दोरीच्या आसपास चार प्रशिक्षित माणसं असतात. लालबागच्या रस्त्यावर विसर्जनाच्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसलेली लहान मुलं असतात. मी हे सगळं लिहितोय ते त्यांच्यासाठी. तुटलेली दोरी आणि तिच्या टोकाचा हुक कुठल्या बाजूला जाईल हे कुणी सांगू शकत नाही.

म्हणून तपासणी कशी करायची ते लिहितो, त्याला पैसे लागत नाहीत. दोरी पूर्ण उलगडा, हातमोजा घाला, चिंधी धरून दोरीवरून फिरवा. चिंधी जिथे अडकेल तिथे तुटलेल्या तारेचा काटा आहे. इतक्या बारीक दोरीत काटे दिसू लागले तर मी ती बदलतो, किती काटे चालतील याचा हिशेब करत बसत नाही. दोरीला एकदा गाठीसारखा मोड पडला असेल तर ती ठोकून सरळ केली तरी गेलेली ताकद परत येत नाही. पदर फुगून पिंजऱ्यासारखे उघडले असतील तरी तेच. हुक नवा असतानाच त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना पंचने एकेक ठिपका मारून अंतर लिहून ठेवा. ते ५ टक्क्यांनी वाढलं की हुक बाद, तापवून वाकवून परत आणायचा नाही. हुकाचं तोंड बंद करणारी पट्टी स्प्रिंगने आपोआप मिटली पाहिजे. दोन्ही खटके दातांत पूर्ण बसतात का बघा, त्यांच्या स्प्रिंगा धुवा, तेलाचा थेंब द्या. दोरीचं टोक दुमडून, बुलडॉग क्लॅम्पने (यू-बोल्ट आणि खाचांची बैठक असलेला चिमटा) आवळून डोळा, म्हणजे फासा, केला असेल तर क्लॅम्पचा यू-बोल्ट दोरीच्या मोकळ्या शेपटीवर यायला हवा आणि खाचांची बैठक भाराच्या बाजूवर. कित्येक ठिकाणी हे उलटं दिसतं, आणि उलटा क्लॅम्प ज्या दोरीवर भार आहे तिलाच चिरडतो. कमीत कमी तीन क्लॅम्प, आणि पहिला भार आल्यावर नट पुन्हा आवळायचे. ड्रमवर शेवटचे दोन-तीन वेढे कायम राहू द्या, कारण दोरीचं टोक ड्रमला ज्या स्क्रूने धरलेलं असतं तो भार घेण्यासाठी नसतो.

पुलर बांधायचा कशाला, याकडे फार दुर्लक्ष होतं. फूटपाथचं रेलिंग आणि दिव्याचा खांब, दोन्ही नको. खांबात वीज असते आणि त्याचा पाया आडवी ओढ सोसायला केलेला नसतो. उटी लावलेला उभा ट्रक चांगला. झाड असेल तर मोठं, बुंध्याला अगदी खालच्या बाजूला, आणि वायर नव्हे तर रुंद पट्ट्याचा बेल्ट. तारेने साल कापली जाते आणि झाड पुढे वाळतं.

ओढताना ताठ दोरीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, ओलांडायची तर नाहीच. दोरीच्या मधोमध दोन ओली गोणपाटं टाका, तुटली तर तिचा फटका बराच मरतो. दांडा चालवणारा बाजूला उभा राहील अशी जागा आधीच बघा. हुकूम एकाचाच, आणि तेवढा वेळ ढोल थांबवा. तुमच्या पथकाला ते आवडणार नाही हे मला माहीत आहे, पण "थांब" ऐकू आलं नाही तर दांड्यावरचा माणूस ओढतच राहतो.

आता काय घ्यायचं. किमतीचा तुमचा मुद्दा खरा आहे. वर्षातून चार दिवसांसाठी मंडळाने टिरफॉर विकत घ्यावं असं मी म्हणणार नाही. १६०० किलोचं मशीन दोरीसकट भाड्याने मिळतं, विसर्जनाच्या आधी घ्या. घेताना पट्टीवरचा भार आणि यंत्राचा क्रमांक बघा, टेस्ट सर्टिफिकेटवरच्या क्रमांकाशी जुळवा, आणि मशीन त्याच मापाच्या दोरीसकट घ्या. दुसऱ्या मापाची दोरी त्याच्या जबड्यात नीट पकडली जात नाही. चेन पुलीही भाड्याने मिळते, सोसायटीने मात्र एक स्वतःची ठेवली तर वाया जाणार नाही. पाचरी आणि उटी एखाद्या सुताराकडून यंदाच करून घ्या.

तुमचा पुलर टाकून द्यायची गरज नाही. हुक आणि खटके तपासून ठीक निघाले तर नवी ६ मिमीची दोरी घाला, '४ टन' ची पट्टी खरवडून काढा आणि रंगाने लिहा : एकेरी ४०० किलो, दुहेरी ८०० किलो. मंडपाच्या ताणांना तो पुष्कळ आहे. जुनी दोरी काढल्यावर तशीच माळ्यावर ठेवू नका, पुढच्या वर्षी कुणीतरी ती बांधायला घेईल. तिचे हातभर तुकडे करून भंगारात द्या.