एक एमएलच्या अॅडिटिव्हने तेलाचं डिझेल होतं का? एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया वाचली, चिडून लिहिलीय ते दिसतंय, पण मुद्दे आहेत त्यात म्हणून नीट उत्तर देतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, दादा ढाब्यावरचं तळणाचं तेल आणतात, गाळतात आणि विहिरीवरच्या पाच एचपीच्या इंजिनात वापरतात, त्यात लिटरला एक एमएल या हिशोबाने बाटलीतलं अॅडिटिव्ह, म्हणजे इंधनात थोडंसं मिसळायचं केमिकल, टाकतात. त्यांचं म्हणणं, एक सीझन निघाला, धूर कमी झाला, इंजिनाचा ठोका मऊ झाला, बिघाड काही नाही. कंपनीकडे लॅबचा रिपोर्ट आहे. हे इंजिन शोधणाऱ्या डिझेल साहेबाने स्वतः शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं होतं, मग बाटली न वापरता तिच्यावर टीका करणारा मी कोण. आणि शेवटी सहज लिहिलंय की आता ट्रॅक्टरलाही हेच चालू करणार. त्या शेवटच्या वाक्यासाठी एवढं टाइप करतोय, नाहीतर 'तुमचं इंजिन, तुमची मर्जी' म्हणून सोडून दिलं असतं.

तुमचं इंजिन चाललं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण बाटली न टाकता ते बंद पडलं असतं हे कशावरून? तसं तर तुम्ही चालवून बघितलेलंच नाही. नुसतं तेल पण एक सीझन चालतं हो, हे तर जगभर माहीत असलेलं आहे. १९८२ साली अमेरिकेत नॉर्थ डाकोटामधल्या फार्गोला वनस्पती तेल इंधन म्हणून वापरण्यावर अख्खी परिषद झाली होती, तेव्हापासूनचं चित्र हेच आहे की थोडे तास चालवलं की पॉवर ठीक, धूर ठीक, सगळे खूश, आणि तास वाढत गेले की नोझलच्या (इंजिनात इंधनाचा फवारा मारतो तो भाग) तोंडाला कार्बन, पिस्टनच्या रिंगा जाम, आणि खालचं इंजिन ऑइल घट्ट व्हायला लागतं. म्हणून तर तिकडच्या इंजिन बनवणाऱ्यांच्या संघटनेने पर्यायी इंधनासाठी २०० तासांची टेस्ट ठरवली, ती पण फक्त प्राथमिक चाळणी म्हणून. तेव्हा बाटली टाकली आणि इंजिन टिकलं हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं असू शकतं, निदान तसं नाही हे दाखवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, माझी नाही.

आता मुळात अडचण काय आहे ते बघा कारण बाटलीवाला तिथे कधी जातच नाही. खायचं तेल जाड असतं. ४० डिग्रीला डिझेलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणाचं माप, २ ते ४.५ सेंटिस्टोक, आणि शेंगदाणा, सोयाबीन, सरकी कुठलंही घ्या, ३० ते ४०. म्हणजे दहापट धरा. नोझल बनवलाय पातळ डिझेलचा धुक्यासारखा फवारा मारायला, त्यातून जाड तेल गेलं की थेंब मोठे पडतात, धार लांब जाते, लाइनरच्या (सिलिंडरच्या आतल्या) भिंतीवर आपटते, अर्धवट जळतं, उरलेलं रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आणि डिझेल खाली उतरलं तर गरम ऑइलमधून काही प्रमाणात उडून तरी जातं, हे तेल उडत नाही, तिथेच बसून हळूहळू चिकट होतं. जवसाचं तेल लाकडाला लावलं की वाळून कडक होतं ना, तीच रिअॅक्शन. जवस आणि करडई यात सगळ्यात पुढे, सोयाबीन त्यांच्या मागोमाग, पाम आणि खोबरेल बरंच कमी. पण पाम तेल थंडीत थिजून बसतं, ते वेगळंच दुखणं. ढाब्याच्या डब्यात नेमकं कुठलं तेल असतं हे ढाबेवाल्यालाही दर महिन्याला माहीत असेलच असं नाही.

या जाडपणावर लिटरला एक एमएल काय करणार? सरळ हिशोब आहे. तेलात अर्धं डिझेल घातलं तर ३५ चं कुठे १० च्या आसपास येतं. २० टक्के डिझेल घातलं तरी वीसच्या वरच राहतं. मग ०.१ टक्क्याने? अगदी पेट्रोलसारखी पातळ वस्तू असली तरी फरक मोजता येणार नाही इतका कमी. उलट तेच तेल ८० डिग्रीपर्यंत तापवा, बाटली न टाकता दहा-बारावर येतं.

तुम्ही लिहिलंय की हे नुसतं पातळ करत नाही, तेलाचा रेणू तोडतं, कॅटॅलिस्ट (स्वतः खर्च न होता रिअॅक्शन घडवणारा) आहे म्हणून कमी लागतं. हा मुद्दा ऐकायला छान आहे आणि विकणारे तो मुद्दाम वापरतात. रेणू तोडायची खरी रिअॅक्शन सगळ्यांना माहीत आहे, बायोडिझेल तसंच बनतं. एक लिटर तेलाला मेथॅनॉल लागतं कागदावर साधारण १२५ एमएल आणि प्रत्यक्षात २०० च्या आसपास, वर कॉस्टिक सोडा काही ग्रॅम. यात कॅटॅलिस्ट म्हणजे ते कॉस्टिक, ते थोडं पुरतं, मान्य. पण मेथॅनॉल जोडलं जातं, ते खर्च होतं, ते कॅटॅलिस्टच्या जोरावर हवेतून येत नाही. आणि रेणू खरंच तुटला तर तेलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ग्लिसरीन सुटून टाकीच्या तळाला बसायला पाहिजे. तुमच्या टाकीत बसलं का कधी? नसेल बसलं तर रेणू जागच्या जागी आहे.

मग धूर कमी आणि ठोका मऊ कसा झाला? हे खोटं नाहीये, हे होऊ शकतं. वनस्पती तेलाचा सीटेन नंबर, म्हणजे इंधन किती पटकन पेटतं त्याचा आकडा, डिझेलपेक्षा कमी, इंधन पेटायला उशीर होतो म्हणून ठोका कडक लागतो. सीटेन वाढवणारी केमिकल्स खरी आहेत, टू-ईएचएन नावाचं तर रिफायनरीवालेसुद्धा वापरतात, आणि ते ०.०५ ते ०.२ टक्के एवढ्याच डोसात काम करतं. तुमच्या बाटलीत तसलं काही असेल तर आवाज सुधारणारच. तसंच तेल टाकीत खराब होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंट असतात, ते पण थोड्या डोसात चालतात. म्हणजे सगळ्याच बाटल्या पाणी आहेत असं मी म्हणत नाही. पण ठोका मऊ झाला म्हणून फवारा बारीक झाला असं होत नाही, आणि नुकसान फवाऱ्यामुळे होतं. इंजिन गोड चालतंय आणि आत रिंगा धरतायत हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, म्हणूनच मला ते 'काही झालं नाही' ऐकून धास्ती वाटते.

आणि तुम्ही लेबलचा फोटो टाकलाय तो एकदा झूम करून वाचा बरं. थंडीत ३० टक्के डिझेल मिसळा, इंजिन चालू आणि बंद डिझेलवरच करा, तेल गरम असताना गाळा, इंजिन ऑइल निम्म्या तासांवर बदला. अहो, हे सगळं केलं तर बाटलीची गरजच काय उरली? ही सगळी कामं खरी उपयोगाची आहेत आणि सगळी फुकट सांगता येतात, आणि क्रेडिट जातं एक एमएलला.

डिझेल साहेबाचं पण सांगतो, हे प्रत्येक वेळी येतंच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर छोटं इंजिन चाललं ते खरं, पण ते 'ऑटो' नावाच्या कंपनीचं होतं आणि प्रयोग फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून झाला होता, डिझेलने स्वतःच १९१२ मध्ये तसं सांगितलंय. आणि त्या काळची डिझेल इंजिनं दाबलेल्या हवेच्या झोताने तेल आत फुंकायची, हवाच तेल फोडायची. आताचा पंप आणि नोझल तेव्हा नव्हताच, बॉश कंपनीचा इंधनाचा पंप कारखान्यातून यायला लागला १९२७ ला. त्या इंजिनाचा दाखला तुमच्या ट्रॅक्टरला लागत नाही.

लॅब रिपोर्टमध्ये काय मोजलंय ते बघितलंत का? फ्लॅश पॉइंट (किती तापमानाला वाफ पेट घेते) आणि घनता मोजून रिपोर्ट कोणीही देतं. आयएसओ ९००१ म्हणजे कारखान्याचा कारभार ठरल्या पद्धतीने चालतो एवढंच. आणि अमेरिकेच्या ईपीएकडे (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) रजिस्टर्ड असं लिहिलेलं असतं, ईपीए अॅडिटिव्हची नोंदणी करते पण ते दावा केल्याप्रमाणे काम करतं का हे तपासून शिक्का देत नाही.

ट्रॅक्टरबद्दल. जर्मनीत २००१ ते २००५ मध्ये सरकारी पैशाने शंभराहून जास्त ट्रॅक्टर रेपसीड तेलावर चालवले, रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीच्या कुळातलं. बाटलीवर नाही, इंजिनात आणि इंधनाच्या लाइनमध्ये बदल करून. बरेच नीट चालले, पण बऱ्याच जणांना पंप-नोझलचे आणि इंजिनाचे मोठे खर्च आले. त्यांनी तेलासाठी स्टँडर्डपण केलं, पाणी किती, फॉस्फरस किती, गाळ किती. तळणाच्या तेलात पहिला प्रश्न पाण्याचाच, गरम तव्यावर थेंब टाकून तडतडतंय का बघा, तडतडलं तर ते पंपात घालू नका. आणि ट्रॅक्टर कॉमन रेलचा (नवीन पद्धतीचं जास्त प्रेशरचं इंजेक्शन) असेल तर हा विषयच बंद करा, तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि इंजेक्टरची किंमत तुम्हाला माहीत असेलच.

'वापरून बघा' म्हणालात, मी म्हणतो आपण मोजून बघू. पेंटवाल्याकडे फोर्ड कप असतो, खाली भोक असलेला, रंग किती सेकंदात गळतो ते बघायला. एकाच डब्यातलं तेल दोन भांड्यांत घ्या, एकात लेबलप्रमाणे बाटली टाका, रात्रभर ठेवा, मग दोन्हीचे सेकंद मोजा. तिसरं मोजा नुसतं तापवलेलं. मग हीच तिन्ही तेलं पंप-नोझलवाल्याकडे न्या, नोझल टेस्टरवर मारायला सांगा आणि फवाऱ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. त्याला आधीच सांगून ठेवा, टेस्टर नंतर डिझेलने धुवावा लागेल, नाहीतर तो तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही. आकडे इथेच टाका, मी आहे तसे वर लावतो, माझ्या विरोधात गेले तरी. फक्त प्रत्येक वेळी तेलाचं तापमान मोजून लिहा, कारण सकाळच्या आणि दुपारच्या तेलातच एवढा फरक पडतो की बाटलीने काय केलं ते कळायचंच नाही.